पोचला म्हणून सांगणारं बटण

आमच्या वाचनालयातल्या काकी पुस्तक देताना पटकन सोडत नसत. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं तुमच्या. तुम्ही "पोचला" म्हणालात की मगच बोटं सैल व्हायची. यातून समितीचे अध्यक्षही सुटले नव्हते. "घेणाऱ्यान सांगल्याशिवाय दिला असा कसा म्हणूचा?" असं त्यांचं म्हणणं.

मालवणात कॉम्प्युटरचं अजून अप्रूप होतं, तेव्हा वाचनालयाला एक दान म्हणून मिळाला. मी नुकताच 'सी' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून आलेला, पुस्तकांच्या यादीचा प्रोग्राम करून देतो म्हणालो. पडद्यावर चौकट उघडली, तिच्यात बटण बसलं. पण बटण नुसतं दिसून भागत नाही. दाबल्यावर काय व्हायचं ते वेगळं लिहावं लागतं. काकींनी दाबून पाहिलं आणि विचारलं, हे पोचला म्हणून सांगत नाही का? मी ऐटीत दोन ओळी लिहिल्या. दाबलं की रोमन अक्षरांत पाटी येऊ लागली, 'पोचला'.

"माझ्यासारख्याच आसा ह्या," काकी खूश होऊन म्हणाल्या.

नोंद फाइलमध्ये साठवायचा भाग मी पुढे ढकलला. पुण्यातल्या मुलाखतींच्या गडबडीत तो राहिला, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर आळस केला. काकी मात्र तीन महिने जाड चष्म्यातून एका बोटाने पुस्तकं टिपत होत्या आणि प्रत्येक पाटीला मान डोलवत होत्या.

यादी दाखवणारं दुसरं बटण मी वार्षिक सभेच्या सकाळी घाईत बसवलं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर ते दाबलं. यादी कोरी. मला तिथल्या तिथे उमगलं, तीन महिन्यांतली एकही नोंद साठलीच नव्हती. सगळे काकींकडे बघू लागले.

"माझ्याच हातसून कायतरी चुकला आसतला," त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या खिशात अध्यक्षांनी नोकरीसाठी दिलेलं शिफारसपत्र होतं. मी गप्प राहिलो. आजही ते आठवलं की कान तापतात. काकींनी कॉम्प्युटरला परत हात लावला नाही, आणि वर्षभरात कामही सोडलं.

आठ वर्षांनी मालवणजवळच्या मसुऱ्याला त्यांच्या घरी गेलो. थकल्या होत्या. निघताना कोकमाच्या सोलांची पिशवी पुढे केली आणि म्हणाल्या, "तुझा ता बटाण माझ्या हातान बिघडला नाय मां रे?"

इतकी वर्षं हे त्यांच्या मनात होतं. सगळं सांगून पाय धरावेत असं वाटलं. पिशवीचं एक टोक अजून त्यांच्या बोटांत होतं, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

"पोचला," मी म्हणालो, आणि पिशवी घेऊन निघालो.