शेपटीवाला कुणाच्या वाट्याला

माझ्या मुलाला कुत्र्यांचं वेड लागलं ते भिवंडीजवळ, आमच्या वळ गावाच्या बाजूच्या शेतात गोदामं उभी राहिल्यावर. भात लावायचं बंद झालं, बैल विकले, आणि सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्याला पडला. गावातल्या बाकीच्या पोरांनी मोठ्या गाड्या घेतल्या, काहींनी शर्यतीचे बैल पाळले. यानं एक कुत्री आणली, आणि तीही जर्मनीहून. काळी कुळकुळीत, भुवयांच्या जागी तांबडे ठिपके, रॉटवायलर जातीची. विमानातून आली. मी अजून विमानात बसलेले नाही.

मला कुत्र्यांची माया नाही. कुत्र्यानं दारात बसावं, राखण करावी आणि उरलंसुरलं खावं. हिला मात्र वेगळी कोंबडी शिजवून द्यावी लागायची. सून शाळेत शिकवायला जायची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आल्यावर काही दिवसांनी मुलगा म्हणाला, "आय, ही पुरी आपली न्हाय. अर्धी तिकडच्या बाईची हाय."

"कुठला अर्धा?"

"म्हंजे?"

"मागला अर्धा तिचा असंल तर साफसफाईला तिला बोलव. माझी कंबर दुखते."

सुनेनं हसून हसून हातातलं पाणी सांडलं. मग तिनं मला नीट सांगितलं. जर्मनीतल्या बाईनं कुत्री दिली होती ती अशा बोलीवर, की पहिल्या वेतातला एक नर तिला परत द्यायचा. हे मला लगेच समजलं. आमच्याकडे अर्धेलीनं शेळी देतात. शेळी तुझी, चारा माझा, पिल्लं दोघांत वाटायची. त्यात परदेशी असं काही नव्हतं.

समजलं नाही ते पुढचं. एवढ्या लांबच्या बाईला भिवंडीत जन्मलेलं पिल्लू कशाला हवं होतं? जर्मनीत काय कुत्रे संपले?

तर कारण असं निघालं. तिच्या शेजारच्या गावात एकाकडे नामी नर होता, त्याचं रक्त तिला हवं होतं. पण त्या माणसाशी तिचं कुत्र्यांच्या कुठल्याशा शोवरून भांडण झालेलं, बोलणं बंद. तो आपला नर तिच्या कुत्रीला कधी देणार नव्हता. त्या नराचा सख्खा भाऊ आला होता भिवंडीत, टेमघरला, एका लूमवाल्या शेठकडे. म्हणजे एकमेकांच्या दारात पाय न ठेवणाऱ्या दोन घरांची सोयरीक आमच्या अंगणात होणार होती. असं आमच्या भावकीतही होतं. दोन घरांत पाणी बंद असतं आणि पोरीचं लग्न मामाच्या दारी उरकतात.

आता हा लूमवाला शेठ कोण, तर मुंबईच्या शोमध्ये माझ्या मुलाला दरवर्षी हरवणारा माणूस. पोट सुटलेलं, पांढरा कुर्ता, तोंडात पान, आणि कापडाच्या मागांचे चार कारखाने. माझ्या मुलाची एकच इच्छा होती. आपल्या अंगणात जन्मलेला कुत्रा मुंबईच्या मैदानात उभा करायचा आणि पहिला आणायचा. शेठकडून हार खाल्ली की तो घरी येऊन जेवायचा नाही. आणि नर आणायला गेला तो शेठकडेच.

मी म्हटलं, "ज्याला हरवायचा त्याच्याच घरचा वान घेतोस?"

"चांगला नर त्याच्याकंच हाय, आय."

"आनि तो देतो?"

"देतो ना. एक नर पिल्लू त्याला द्यायचा."

बैलांच्या शर्यतीत असं कोणी करत नाही. तिथे एकमेकांच्या गोठ्याकडे बघतही नाहीत. शेठ तर स्वतः गाडीतून नर घेऊन आला, अंगणात खुर्ची टाकून बसला, मला म्हणाला, "अम्मा, आज से हम समधी हो गए." मी त्याला चहा दिला. व्याही की वैरी, हे तेव्हा ठरलं नाही.

कुत्री व्याली. पिल्लांत तीन नर निघाले. वाटेकरीही तीनच, मुलगा, शेठ आणि जर्मन बाई. माद्यांचा प्रश्न नव्हता, त्या ओळखीत द्यायचं ठरलं होतं. सगळं सोपं दिसत होतं, पण शेपटीपाशी घोडं अडलं.

या जातीच्या पिल्लांच्या शेपट्या तेव्हा आपल्याकडे कापायचे. शोमध्ये बिनशेपटीचाच कुत्रा शोभतो असं सगळे म्हणत. कापायच्या तर पिल्लानं डोळे उघडायच्या आत, डॉक्टरकडून. तिकडे जर्मनीत मात्र कापायला बंदी. शेपूट कापलेला कुत्रा तिला मैदानात उभाच करता येणार नव्हता. एकाच जातीचा कुत्रा, इकडे शेपूट असली तर वाईट, तिकडे नसली तर वाईट. आता कोणता नर कोणाचा ते आधी ठरवायचं, म्हणजे शेपूट कोणाची ठेवायची ते ठरेल. आणि त्या वयात पिल्लं दिसतात घुशीसारखी. कोणतं पुढे चांगलं निघेल ते देवालाही सांगता येणार नाही.

मुलगा आणि शेठ सकाळपासून त्या पिल्लांना उलटंपालटं करत बसले होते. हा म्हणे, याचं डोकं मोठं. तो म्हणे, याची हाडं देखो. जर्मन बाईनं कळवलं होतं, तुम्ही ठरवा, माझा विश्वास आहे. त्यानं तर दोघे आणखी अडले. चांगलं तिला द्यावं तर आपलं जातं, वाईट द्यावं तर तोंड दाखवायला जागा नाही.

शेवटी मीच म्हटलं, "खाडीची मासळी वाटतात तशी वाटा."

आमच्याकडे चार जण मिळून मासळी धरतात तेव्हा सारखे वाटे घालतात. मग ज्याचा वाटा नाही असा एक माणूस पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा नाव घेतो. नंतर तक्रार करायची नाही. शेठला हे फार आवडलं. "वाह अम्मा, ये तो इन्साफ है." वाटा नसलेली मीच होते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. सुनेनं पिल्लू उचललं.

"हा कुनाचा?"

"शेठचा."

"हा कुनाचा?"

"बाईचा."

राहिला तो मुलाचा. त्याच दिवशी डॉक्टर आला आणि दोघांच्या शेपट्या गेल्या.

शेठनं आपलं पिल्लू वेळ झाल्यावर नेलं. बाईचं मात्र आमच्याकडेच राहिलं, कारण परदेशी पाठवायच्या आधी इंजेक्शनं, रक्ताची तपासणी, मग थांबायचं, असे पुष्कळ महिने जाणार होते. त्या महिन्यांत काय झालं ते रोज खायला घालणारी मी बघत होते. मुलाच्या नराचा खालचा जबडा पुढे आला. खायला काही अडचण नव्हती, पण शोमध्ये तो बाद. आणि शेपटीवाला असा वाढला की रस्त्यानं जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून बघायचे. छाती रुंद, चाल सरळ. मलासुद्धा कळत होतं, मग माझ्या मुलाला किती कळत असेल.

तो एकदा मला म्हणाला, "तूच दिलास तो बाईला."

मी म्हटलं, "मंग पुढच्या टायमाला तू भिंतीकं तोंड कर."

आता अदलाबदल करायची सोयच नव्हती. कोणता कोणाचा ते मागून दिसत होतं.

थंडीत मुंबईचा शो आला. त्या वर्षी परीक्षक बाहेरच्या देशातून येणार होता, आणि त्याला शेपटीवालेच आवडतात अशी बातमी होती. मुलाची झोप उडाली. आपल्याच अंगणात जन्मलेला, मैदानात एकटा शेपटीवाला, आणि परीक्षक तसा. नेमके तेव्हाच जर्मनीहून निरोपावर निरोप येऊ लागले. तपासण्या झाल्या ना, मग आता पाठवा, माझ्याकडचे शो सुरू होतील.

"सांग तिला, कागद अडकलेत," मुलगा सुनेला म्हणाला. "शो झाला की पाठवू. किती दिसांचा परश्न हाय?"

सून म्हणाली, "मी खोटं लिहिणार नाही. तुम्हीच लिहा."

"मना इंग्लिश येतं का?"

"मग खरं तरी बोला, ते मराठीत पण चालतं."

हे चाललेलं असतानाच शेठ आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "देखो, जबान दी है तो भेज दो. वो बाई एक बार बिदक गई, तो उधर का कोई दरवाजा अपने लिए खुलेगा नहीं. तुम्हारे लिए भी नहीं, मेरे लिए भी नहीं." वर म्हणाला, कागदांची काळजी करू नको. त्याचा भाचा परदेशी कापड पाठवायचं काम करतो, विमानतळावर त्याची ओळख आहे, सगळं होऊन जाईल.

मुलगा शेठचं पान आणायला त्याच्या गाडीपर्यंत गेला तेव्हा मी शेठला विचारलं, "शेठ, सच बोलो. ये तुम हमारे भले का बोलता है, का तुम्हारे?"

माझं हिंदी तसंच आहे. तो हसला. "अम्मा, आप तो सीधा गला पकडती हैं."

"मंग बोलो ना."

तो शेपटीवाल्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आपके बेटे की जगह मैं होता, तो मेरा भी जी नहीं करता भेजने का."

हे उत्तर आहे का? मला तरी वाटत नाही.

शेठच्या भाच्यानं खरंच आठवड्याच्या आत सगळं करून दिलं. इतक्या लवकर आमच्या तहसील कचेरीतून एक कागद कधी मिळाला नाही. शेपटीवाला पिंजऱ्यात बसला आणि गेला.  मी मुलाला स्पष्ट म्हटलं, "तुझा गेल्यावर मैदानात कोन उरला? त्याचाच ना?"

"आय, तो तसा मानूस न्हाय."

"मंग कसा हाय?"

त्यानं कुत्रीला पट्टा घातला आणि फिरवायला नेलं.

शोला मीही गेले, गाडीत जागा होती म्हणून. मोठं मैदान, सगळीकडे कुत्री, आणि माणसं त्यांना फण्या मारतायत. आपल्या पोरांचे केस कोणी इतके विंचरत नाही. परदेशी परीक्षक कोट घालून घामाघूम झालेला. शेठ आमच्याकडे घाईघाईनं आला. त्याचा कुत्रा मैदानात धरून पळवणारा माणूस होता कारखान्यातलाच, तो गावाला गेला म्हणे, घरात लग्न निघालं. शेठच्यानं पळवत नाही, गुडघे गेलेले. माझ्या मुलाच्या हातात पट्टा देत म्हणाला, "तेरे ही घर का है, तू ही दौडा."

माझा मुलगा उठला आणि कुत्र्याला घेऊन दोरीच्या आत गेला.

मी दोरीच्या बाहेर खुर्चीवर बसून बघत होते. तो कुत्रा मी जन्मताना पाहिलेला, भिंतीकडे तोंड करून पहिल्या हाकेला शेठला दिलेला. माझा मुलगा त्याच्याबरोबर असा पळत होता की दोघांचे पाय एका तालात पडत होते. भात झोडताना तो असा तालात असायचा, त्यानंतर त्या दिवशीच पाहिला. परीक्षकानं कुत्र्याच्या तोंडात हात घातला, बैलबाजारातले दलाल घालतात तसा, दात बघितले, पुन्हा पळवायला लावलं आणि त्याच्याकडे बोट केलं. पहिला.

कप शेठला मिळाला. मालक तो. त्यानं तो आपल्या गाडीत ठेवला आणि निघाला. माझा मुलगा परतीच्या वाटेवर गाणी म्हणत होता.

"कुनाचा पयला आला?" मी विचारलं.

"आपला!"

"आपला कसा? कप कुठाय?"

"शेठकं."

"कागदावर मालक कोन?"

"शेठ. पन जन्म कुठं झाला ते पन लिवलंय, आय. माझं नाव हाय त्यावर. आपल्या अंगनातला हाय तो."

"मंग तू जिंकलास का हरलास?"

"आय, तुला न्हाय समजायचं," तो म्हणाला, आणि पुन्हा गाणं.

सून पुढच्या सीटवर झोपली होती, तिला विचारून उपयोग नव्हता. मी मनाशी हिशेब लावत बसले. शेठनं आमचा चांगला कुत्रा घाईनं परदेशी लावून दिला आणि मैदान मोकळं करून घेतलं, असं धरलं तर तो लबाड. पण मग पट्टा माझ्या मुलाच्या हातात कशाला दिला? पैसे टाकले असते तर मैदानात दहा माणसं उभी होती पळवायला. त्याचा माणूस खरंच गावाला गेला होता, की शेठनंच त्याला त्या दिवशी घरी बसवला?

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पौष चालू आहे. पौषात लग्न कोण काढतं? आपल्याकडे नाही, आणि लूमवर कामाला येतात त्या युपीवाल्यांकडेही नाही, हे मला आमच्या भाडेकरूंवरून माहीत होतं. म्हणजे लग्नाची गोष्ट खोटी, आणि शेठनं जाणूनबुजून माझ्या मुलाला मैदानात घातलं. मला एकदम सगळं उलगडल्यासारखं झालं.

पण कल्याण फाट्याच्या पुढे आल्यावर आठवलं की तो कुत्रा पळवणारा माणूस कोण, कुठला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. शेठसारखाच मुसलमान असला तर त्याला पौष कसला आणि माघ कसला. लग्न खरं असेल. मग शेठला त्या दिवशी खरोखर कोणी नव्हतं, आणि समोर दिसला तो माझा मुलगा.

नावावरून कळेल, म्हणून घरी आल्यावर मी मुलाला विचारलं, "त्या पलवनाऱ्याचं नाव काय रं?"

"कोनाचं?"

"शेठच्या मानसाचं. लग्नाला गेला त्याचं."

तो अंगणात बांधलेल्या कुत्रीचा पट्टा सोडत होता. "मना काय माहीत. आम्ही सगले त्याला मास्टर बोलतो."