बांधावरची देवी

कुणी नवीन भेटलं की पहिला प्रश्न, गाव कुठलं? मी नव्या गावठाणाचं नाव सांगतो. मग दुसरा प्रश्न, "आन् मूळचं?" मूळचं पाण्यात, राव. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडलं तेच धरणात गेलं, तिथं त्याच्या वरच्या अंगाचं आमचं बारकं गाव कोण ध्यानात ठेवणार?

घोड नदीच्या काठाला मूठभर घरं, भाताची खाचरं आणि अंगणाअंगणात वाळत घातलेला हिरडा. नदीत उतरलं की बारके मासे पायाला चावे घ्यायचे. आज त्याच पाण्यावर खालच्या अंगाला ऊस डोलतो आणि तो बघितला की माझं डोकं फिरतं. ऊसवाल्यांनी माझं काय घोडं मारलंय? काही नाही. पण फिरतं.

देवीचं देऊळ अगदी काठाशी होतं. मूर्ती वगैरे नाही, नुसता तांदळा. नाक-डोळे नसलेला, जमिनीत रुतलेला, शेंदूर फासलेला दगड. माझी आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, लग्नाआधी रोज सकाळी नदीचं पाणी आणून त्याला आंघोळ घालायची. पुढं ती पेठला दिली. माहेरपणाला आली की आधी देवळात जायची आणि मग घरात. आई चिडायची, "आमी काय मेलोय का इथं?" आत्या हसून म्हणायची, "तुमी बोलता, ती बोलत न्हाई. तिची इचारपूस आधी कराय नको?"

गावाची एक रीत होती. गाव सोडायची वेळ आली तर आधी माणसं, मग जनावरं आणि देवी सगळ्यांच्या शेवटी. पणजोबाच्या वेळी प्लेगात गाव उठून माळावर गेलं तेव्हाही असंच केलं म्हणे. रीत चांगलीच होती. पण आधीची संकटं येऊन जायची, हे पाणी मुक्कामालाच आलं होतं. माणसं हलली, गुरं हलली, दारं-चौकटी, कौलं ट्रॉलीत भरून गेली, आणि या सगळ्यात पावसाळा मध्यावर आला. देवीला आणायचं काम वडिलांच्या अंगावर पडलं. मी तेव्हा बाविशीचा, अंगात रग होती. ट्रॅक्टर घेऊन आम्ही दोघंच गेलो.

देवळात छातीएवढं पाणी. गढूळ, काही म्हणता काही दिसेना. वडिलांनी बुडी मारून दगड चाचपला, मी पहार घातली. दगड हलेना. दुपार कलेपर्यंत झटलो. पाणी खांद्याला लागलं तसे वडील म्हणाले, "चल भाईर." आमच्या खाचराच्या वरच्या बांधावर ते गेले, देवीएवढाच एक दगड उपसला आणि ट्रॉलीत टाकला. बरोबर आणलेला शेंदूर तेलात कालवून त्याला फासला.

"आवो, ह्ये काय करताय?"

"गाव वाट बघतंय. मोकळ्या हातानं जाऊन काय सांगू, बुडाली म्हनून? ह्ये तोंडातून भाईर काढलंस तर माझं मेल्यालं तोंड बघशील."

नव्या गावठाणात हलगी वाजली, बायांनी ओवाळलं. आत्या पेठहून आली होती. तिनं त्या दगडाला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. वडिलांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

चार-पाच वर्षांनी आत्याच्या एकुलत्या एका मुलाच्या किडन्या गेल्या. तिनं नव्या देवळात जाऊन नवस बोलला, पोरगं बरं होऊ दे, तुला चांदीचे डोळे बसवीन. मुलगा गेला. तेराव्यानंतर ती देवळात आली आणि सगळ्या गावासमोर त्या दगडावर ओरडली, "आंधळे! भैरे! तुला म्या पानी घातलं गं, पोरीवानी न्हाऊ घातलं!" तिला चौघींनी धरून बाहेर आणलं. पुन्हा ती त्या देवळाची पायरी चढली नाही.

पण मी एकटा सापडलो की हमखास विचारायची, "माझं काय चुकलं असंल रं?" हे शेवटपर्यंत सुटलं नाही. विटाळात हात लागला असंल का, डोळ्यांऐवजी नथ बोलायला पायजे व्हती का, एकेक काढत बसायची. मला सगळं ठाऊक. देवाचं माझं फारसं जमत नाही, पण तिचं जमत होतं, आणि तिच्या हिशेबानं तो नवस आमच्या बांधाला बोलला गेला होता. वडील होते तोवर त्यांच्या शब्दाखातर गप्प बसलो. ते गेल्यावर कशाखातर बसलो? भित्रेपणा, दुसरं काय!

या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. मी पेठला भेटायला गेलो. भर दुपार होती, नाशिक रस्त्यावरच्या गाड्यांनी खिडकी थरथरत होती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं तेच विचारलं. आणि या खेपेला मी सांगून टाकलं. पाणी, पहार, बांध, शेंदूर, सगळं. "आत्या, तुझं काय बी चुकलं न्हाई. तुझा नवस तिला पोचलाच न्हाई. चूक आमची हाय, मार मला."

वाटलं होतं, वडिलांना शिव्या घालेल, मला हाकलून देईल, नाहीतर निदान सुटल्यासारखी रडेल. तिनं आढ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मंजी ती तितंच हाय?"

"व्हय."

"येवढी वरसं? पान्यात?"

मी मान हलवली.

"आन् मी तिला आंधळी म्हनले रं." तिनं माझं मनगट धरलं, म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. "मी तिला म्हनत व्हते, माझ्या पोराला वाचीव. तिलाच कुनी वाचिवलं न्हाई."

तिच्या जिवाचा भार उतरवायला म्हणून मी गेलो होतो. आता ती काय चुकलं ते विचारत नाही. मुलगा गेल्यावरही तिच्यापाशीच राहिलेल्या सुनेला रोज सकाळी विचारते, धरणात पानी कितीक हाय. सून मोबाईलवर बघून सांगते. उतरलं म्हटलं की दोन घास खाते. पावसाळा तोंडावर आलाय, आणि मला पेठला जायची भीती वाटते.