पनवेलच्या व्हरांड्यातली प्रथिनं

पुण्याहून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि डब्यात पोळीभाजी नव्हती, फ्लॉपी होती. धूळ आणि लोहचुंबक तिला सोसत नाहीत असं वाचलं होतं, म्हणून मऊ फडक्यात गुंडाळून तान्ह्या पोरासारखी नेत होते. नव्वदीची सुरुवात होती. तेव्हाची मी म्हणजे कडक इस्त्रीची साडी, नाकावरून घसरणारा चष्मा आणि पनवेलचं कॉलेज आपलीच वाट बघतंय अशी पक्की खात्री.

प्राण्यांच्या रक्तातली प्रथिनं कम्प्युटरवर ताडून पाहायची आणि कोण कोणाचं नातेवाईक ते शोधायचं, हा माझा विषय. पीएचडी झाली होती, पण या विषयाची जागा कुठेच निघत नव्हती. प्राणिशास्त्रवाले म्हणत, कम्प्युटरकडे जा. कम्प्युटरवाले म्हणत, बेडकांकडे जा. पनवेलला प्राणिशास्त्राची एक जागा होती आणि कॉलेजात नुकताच कम्प्युटर आला होता. इथे नाही जमलं तर बँकेची परीक्षा द्यायची, असं आमच्या ह्यांच्याशी ठरलं होतं.

खोपोलीला उरणकडची एक बाई शेजारी येऊन बसली. तिच्याकडे पोपटी होती (मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा). तिने न विचारता मूठभर माझ्या हातावर ठेवल्या.

"मास्तरीण हायस?"

"अजून नाही. व्हायला चाललेय."

"काय शिकवशील?"

मी खंडाळ्याच्या घाटाइतकं लांब उत्तर दिलं. तिने ते शेंगा सोलत शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या गावात सोयरीक बघताना म्हातारी असंच करते," ती म्हणाली. "तिला मशीन लागत नाय."

मला राग आला. शेंगा मात्र सगळ्या खाल्ल्या.

पनवेलच्या स्टँडवरून रिक्षाने कॉलेजात पोचले. तिथली कम्प्युटरची खोली म्हणजे देव्हारा होती. दाराला पडदा, आत एसी, आणि धूळ नको म्हणून चपला बाहेर. मुलं अनवाणी, निवड समिती मोज्यांवर. विद्यापीठातून आलेल्या प्राणिशास्त्राच्या सरांचा अंगठा मोज्यातून बाहेर डोकावत होता. मुलांसमोर पाठ घ्यायचा आणि समितीने बघायचं, अशी रीत. मी फ्लॉपी काढली, पाठ केलेलं इंग्रजी वाक्य सुरू केलं आणि वीज गेली.

एसी थांबला. खोली तापू लागली तसे सगळे व्हरांड्यात आले. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. "बाई, पुढचे उमेदवार थांबलेत."

समोर चपलांचा ढीग होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी खाली बसले आणि चपला रांगेत मांडू लागले. कोल्हापुरी, स्लीपर, सँडल, बूट. "हे माणसाचं प्रथिन. एकेक चप्पल म्हणजे त्याच्या माळेतला एकेक मणी." त्याखाली तशीच दुसरी रांग, मधली एक सँडल वगळून. "आणि हे माशाचं. बघा, जुळतात का?"

पहिल्या दोन जुळल्या, पुढे सगळा गोंधळ. मुलं वाकून बघत होती. जवळच्या ओवे गावची एक मुलगी उकिडवी बसली आणि खालच्या रांगेतल्या चपला एकेक करून पुढे सरकवू लागली.

"मॅडम, मधे जागा सोडली तर पुढच्या सगळ्या जुळतात."

"मग त्या जागेवरची कुठे गेली?"

तिने मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "पिढ्या जाता जाता गळाली असेल."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात प्राणिशास्त्राच्या सरांनी रांगेतला आपला बूट उचलला.

"छान. पण यात प्राणी कुठे आहे?"

समितीतले कम्प्युटरचे सर म्हणाले, "आणि कम्प्युटर?"

दुपारी प्राचार्यांनी आत बोलावलं. "तुम्हाला घ्यावं असं सगळ्यांचं मत आहे. पण शिकवायचं ते अभ्यासक्रमातलंच. झुरळ, बेडूक, गांडूळ. तुमचं ते जुळवाजुळवीचं विसरायचं. तसं लिहून द्या."

तेव्हाची मी बाणेदारपणे उठून जाणारी होते. बसमध्ये तसं भाषणही जुळवलं होतं. पण डोळ्यांपुढे ती उकिडवी बसलेली मुलगी होती.

"वर्गात झुरळ शिकवीन," मी म्हणाले. "विसरायचं मात्र लिहून देणार नाही. शनिवारी कॉलेज सुटल्यावर कम्प्युटरच्या खोलीची किल्ली हवी."

"सुटल्यावर कोण थांबणार आहे, बाई?"

"थांबलं नाही कोणी, तर किल्ली परत."

ते हसले. "ठीक आहे. वीज असेल तर."

परतीच्या बसमध्ये मी घाटभर रडले. जन्मभराचा विषय झुरळाच्या पाठीवर बसवून आले, असं वाटत होतं. आज त्या रडणाऱ्या बाईची मला गंमत वाटते. विषयाला आधी खुर्ची मिळते आणि मग माणसं येतात, असं ती समजत होती. आमच्या विषयात उलटं झालं. खुर्च्या फार उशिरा आल्या, आणि त्यांवर बसले ते कुणाच्या तरी शनिवारच्या वर्गाला थांबलेले.

स्वारगेटला हे घ्यायला आले होते.

"मिळाली का गं?"

"झुरळांची मिळाली."

"आणि तुझी?"

"ती शनिवारी."

ह्यांनी माझी पिशवी घेतली आणि विचारलं, "पनवेलला घर बघायला कधी जायचं?"