बेटावरची बाई आणि थायरॉइडची टेस्ट

आमच्या घरात पाच फूट तीन इंचांच्या वर कोणी गेलेलं नाही. ती उंची माझी. बायको चार फूट अकरा आणि मुलगी चार फूट दहा. बायोडेटात मुलीची उंची पाच फूट लिहून टाका, असं मेहुणीनं सुचवलं होतं. बांधकामाची बिलं तपासणं हे माझं काम आहे. दोन इंच जास्त दाखवणाऱ्या ठेकेदाराला मी सही देत नाही. मी चार फूट दहाच लिहिलं.

मुलगी इथे अल ऐनमध्येच एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. सांगून आलेला मुलगा दुबईचा. दोघं काही वेळा कॉफीला भेटली होती. तो आवडल्याचं तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं, पण त्या शनिवारी तिनं सकाळीच न सांगता हॉल पुसून काढला, त्यावरून आम्ही ओळखलं.

मुलगा आणि त्याचे आईवडील दुबईतल्या देऱ्याहून गाडीनं आले. बायोडेटात मुलाची उंची पाच फूट आठ इंच होती. आमचा फ्रिज एकशे सत्तर सेंटिमीटरचा, म्हणजे पाच फूट सात इंच आहे. मुलगा पाणी घ्यायला फ्रिजपाशी उभा राहिला तेव्हा फ्रिजच उंच दिसला. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली.

टीव्हीशेजारी एका कवटीची प्रतिकृती आहे, वर्गात दाखवायला आणलेली. लहान मुलाची का, असं मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“नाही काका, पूर्ण वाढलेल्या बाईची,” मुलगी म्हणाली. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर एका गुहेत ती सापडली. उंची जेमतेम साडेतीन फूट, मेंदू आपल्या मेंदूच्या एक तृतीयांश, तरी त्या गुहेत दगडाची हत्यारंही मिळाली. आपल्यासारखीच पण वेगळ्या प्रजातीची ही माणसं पन्नासेक हजार वर्षांपूर्वी नामशेष झाली.

“साडेतीन फूट,” मुलाची आई म्हणाली. तिची नजर कवटीवरून मुलीवर गेली आणि तिथेच राहिली.

मग सुरू झालं. तिच्या नात्यातल्या एका मुलीची उंची अशीच खुंटली होती आणि ते थायरॉइड निघालं, म्हणून एकदा टेस्ट करून घेतलेली बरी. मुलाच्या वडिलांना हे पटलं नाही. त्यांच्या मते हा गल्फचा प्रॉब्लेम. मुलं एसीत वाढतात, ऊन लागत नाही, हाडं वाढणार कशी. त्यांचा स्वतःचा मुलगाही इथेच वाढला, पण त्याच्या खोलीतला एसी बहुधा बंद असावा. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

“भाऊसाहेब, तुम्ही मूळचे कुठले?”

मी म्हटलं, राजापूरकडचे.

“तरीच,” ते म्हणाले. तिकडची माणसं मूळचीच बुटकी, हे त्यांनी स्वतःच्या बायकोला समजावूनही सांगितलं.

मुलगी हसली. म्हणाली, “काका, या बाईचंही अगदी हेच झालं. आधी काही जण म्हणाले, आपल्यातलीच कोणीतरी आजारी बाई असणार. मग तशीच लहान हाडं आणखी माणसांची सापडली. सगळेच कसे आजारी असतील? मग म्हणाले, उंच पूर्वज बेटावर आले आणि पिढ्यानपिढ्या खुजे होत गेले. दुसरे म्हणतात, पूर्वज आफ्रिकेतून निघाले तेव्हाच बुटके होते. पण मधल्या वाटेवर त्यांचं एकही हाड सापडत नाही. निकाल अजून लागलेला नाही. तुम्ही दोघांनी मात्र तिन्ही थिअऱ्या एका चहात मांडल्यात.”

मुलाच्या वडिलांना हे कौतुक वाटलं. आपल्या ट्रेडिंगच्या धंद्यात माणूस वाचता येतो, असं ते म्हणाले.

“हाडांचं राहू दे गं,” मुलाची आई म्हणाली. “टेस्ट कधी करतेस?”

मुलगी मुलाकडे वळली. पाणी मागण्यापलीकडे तो अजून काही बोललेला नव्हता.

“तुला काय वाटतं?”

त्यानं आईकडे पाहिलं, मग बिस्किटांकडे. “जस्ट ब्लड टेस्ट आहे ना,” तो म्हणाला. “ममाला बरं वाटेल.”

“ओके. मग खलास,” मुलगी म्हणाली. “माझा नकार आहे.”

तेवढ्यात बायकोनं आतून पानं वाढल्याची हाक दिली. वडे तळलेले होते, कोंबडी तयार होती आणि परतीचा रस्ता लांबचा होता. पाहुणे जेवले. मुलाच्या आईनं रस्सा दोनदा घेतला आणि त्यात नारळ किती घातला, ते विचारून घेतलं. लिफ्टपाशी वडील मला म्हणाले, इन्शाल्ला, योग असेल तर जमेल. नकार जणू दुसऱ्याच कोणाला मिळाला होता. लिफ्टचं दार बंद होता होता आईनं थायरॉइडची आठवण करून दिली.

आत मुलगी ताटं घासत होती. मी फडकं घेऊन शेजारी उभा राहिलो.

“त्यानं एकदा जरी ‘गप्प बस ममा’ म्हटलं असतं,” ती म्हणाली, “तर मी उद्याच जाऊन टेस्ट केली असती.”

मी म्हटलं, रिपोर्ट नॉर्मलच आला असता.

“बाबा, तो मुद्दाच नाही,” ती म्हणाली, आणि पुढचं ताट माझ्या हातात दिलं.