अकरा शब्दांचा उशीर

सात मजल्यांच्या त्या इमारतीत लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला सगळे लिफ्टकाका म्हणत. एकट्या पाचव्या मजल्यावरच्या नर्सबाई त्यांना लेखकराव म्हणायच्या. काका गोष्टी लिहितात हे घरात बायकोला ठाऊक आणि बाहेर ह्या बाईंना, बस्स.

दुपारची जेवणं उरकली की इमारत पेंगायला लागे. काका लिफ्ट तळमजल्यावर लावायचे, जाळीचं दार ओढून घ्यायचे आणि स्टुलावर बसून मांडीवर वही उघडायचे. जेमतेम चार माणसं मावतील एवढी ती पेटी. वर पिवळा दिवा, समोर बटणांची पाटी, मागे आरसा. आरशाकडे पाठ करायची, पेन्सिलीला टोक काढायचं, दाढेखाली एक लवंग धरायची आणि मग लिहायचं. लवंगेचा तिखटपणा विरेपर्यंत एक पान होई. मोठमोठ्या लेखकांना म्हणे डोंगर लागतो, समुद्र लागतो. काकांचं पेटीत भागायचं.

नियम एकच होता, पण पक्का. हातातलं वाक्य पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. सुरुवातीला ते घंटी वाजली की ताडकन उठत, आणि कुणाला सहाव्यावर सोडून परत येईतो वाक्य पसार झालेलं असे. शेवटी त्यांनी कानाला खडा लावला. वर कुणी घंटी दाबली की पाटीवर त्या मजल्याचा दिवा लागायचा. काका दिव्याकडे बघून म्हणायचे, "आलो हं, एवढं वाक्य होऊ दे." वाक्य ते केवढं, अर्ध्या मिनिटाचं. अठरा वर्षांत कुणाचं काही अडलं नाही.

लिहिलेली पानं नर्सबाईंकडे जायची. त्यांनी उभा जन्म वॉर्डात काढलेला, त्यामुळे भीड अशी नव्हतीच.

"लेखकराव, तुमचा हा म्हातारा तीन पानं झाली तरी मरेना."

"शेवटचं बोलतोय तो, बाई."

"इतकं बोलून कुणी मरत नाही. मी पाहिलीत ना माणसं."

"मग काय बोलतात?"

"पाणी मागतात. नाहीतर उशी सरळ कर म्हणतात."

काका खाली यायचे आणि मुकाट्याने अडीच पानं खोडायचे. मनातून चडफडायचे, पण गोष्ट सुधारायची.

बाईंची घंटीसुद्धा ओळखू यायची. तीनदा, तुटक, दारावर टिचकी मारल्यासारखी. एका मंगळवारी दुपारी पाचाचा दिवा लागला तो मात्र एकाच लांबलचक घंटीनं. काकांना वाटलं, बाई आज रागावल्यात. हाताखाली गोष्टीचं शेवटचं वाक्य होतं. अकरा शब्दांचं. त्यातला एक काही केल्या बसेना. तो काढला, दुसरा घातला, दुसरा काढून परत पहिला आणला. घंटी वाजतच होती. मग थांबली.

"थांबल्या बघ," काका स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी पूर्णविराम दिला.

लिफ्ट वर चढताना जाळीतून आधी मजल्याची फरशी दिसते, मग पाय, मग माणूस. त्या दिवशी फरशीपाठोपाठ थेट बाईंचा चेहरा दिसला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पाच मिनिटं आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता. पण डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात, हे काकांना नर्सबाईंनीच एकदा सांगितलेलं होतं.

घंटीचं काकांनी कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले, लिफ्टकाका होते म्हणून निदान लगेच सापडल्या. काकांनी मान हलवली. ती मान त्यांना पुढे फार जड गेली.

पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा लिहायला वही काढली. लवंग दाढेखाली गेली, पेन्सिल कागदाला टेकली आणि घंटी वाजली. लांबलचक. पाटीवर बघितलं तर एकही दिवा नाही. तरी काका पाचव्यावर जाऊन आले. जिन्यापाशी चिटपाखरू नव्हतं. खाली येऊन पेन्सिल टेकवली, पुन्हा तेच. वायरमनला बोलावलं. त्यानं पाटी उघडून पाहिली आणि म्हणाला, "काका, घंटी ठणठणीत आहे. तुम्ही कान दाखवा."

मग जागेची शोधाशोध सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पाहिलं.

"अहो, उठलात कशाला?" बायकोनं विचारलं.

"दार वाजलं ना?"

"दार उघडंच आहे. मी मघापासून इथं उभी आहे."

वाचनालयात गेले. तिथं टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. काका तीनदा खुर्ची सरकवून उठले तेव्हा शेजारचा म्हातारा म्हणाला, "पोट बिघडलंय का?" गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. पहाटे उठून पाहिलं, पेन्सिल सोडून पेन घेतलं, लवंगेऐवजी वेलची. बायको म्हणाली, "जागा शोधताय की जावई? एकही पसंत पडत नाही." कानात कापसाचे बोळे घालून पाहिले. त्यानं बाहेरचं सगळं बंद झालं आणि घंटी तेवढी स्वच्छ ऐकू यायला लागली.

सात महिन्यांत एक ओळ झाली नाही. ज्याला लिहायची सवय आहे त्याचं लिहिणं असं तुंबलं की माणूस घरात असून नसतो. काका जेवताना घास हातात धरून बसायचे. शेवटी एका संध्याकाळी बायको सदऱ्याला बटणं लावत बसलेली असताना त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. वाक्य, दिवा, पूर्णविराम, सगळं.

तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"हे मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मी पाचव्या मजल्यावर राहते का?"

पाचव्या मजल्यावर आता नर्सबाईंची भाची राहायची. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, चाळिशीची, मोजकं बोलणारी. काका दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभे राहिले. आत बोलावलं तरी गेले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी किती वेळ घंटी दाबत होती?"

"तीन मिनिटं. चारही असतील, ताई."

"आणि तुम्ही लिहीत होतात."

"हो."

"चांगलं तरी होतं का ते वाक्य?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी वाचलं. खोडलं."

तिनं दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांना कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्या दिवसापासून ती लिफ्टमध्ये आली नाही. सकाळी पाच मजले उतरायची, दुपारी जेवायला येताना पाच मजले चढायची. लिफ्टसमोरूनच जिना. ती काकांकडे बघायची नाही, काका वहीकडे बघायचे. आता ते जाळीचं दार उघडं ठेवून बसत होते. पावलं वर जायची. पहिला मजला, वळण, दुसरा. आणि त्या पावलांखाली बसून काका लिहायला लागले. गोष्ट नव्हे, त्या मंगळवारचंच. घंटी अजून वाजायची. ती वाजली की काका असेल तिथं पेन्सिल ठेवायचे, वाक्याच्या मध्येच. उठायचे, पाटी बघायचे, बाहेर डोकावून कुणी नाही ना ते पाहून परत बसायचे. दिवसाकाठी चार ओळी व्हायच्या. वाक्यं पसार व्हायची ती होऊ दिली.

एका दुपारी पावलं तिसऱ्यावर थांबली.

काकांनी कान दिला. काहीच नाही. पेन्सिल एका शब्दाच्या निम्म्यात होती. ती तशीच टाकून ते उठले. लिफ्ट सुरू करायचंही सुचलं नाही, जिन्यानंच धावले. साठी उलटलेला माणूस, तिसऱ्यावर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला.

भाची पायरीवर उभी होती. मोठी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. पिशवीनं बोटं आखडली." तिनं त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पाहिला, बोटांना लागलेला पेन्सिलीचा काळा रंग पाहिला. "तुम्ही जिन्यानं आलात?"

काकांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी मान हलवली.

ती वर निघाली. दोन पायऱ्या चढली आणि थांबली. मागे वळून तिनं पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"ही तेवढी लिफ्टनं आणा," ती म्हणाली. "मी येते चालत."