सातवारकाकूंचा सोमवार

इतके उपास करणारी दुसरी बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार विठोबाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. शिवाय एकादशी, संकष्टी आणि प्रदोष अधूनमधून पाहुण्यासारखे यायचे. रविवार तेवढा मोकळा. मी शेजारच्या या काकूंचं नाव सातवारकाकू ठेवलं. खरं तर वार सहाच होते, पण सहावार म्हटलं असतं तर पातळाशी घोटाळा झाला असता. चाळीतल्या बायकांना नाव आवडलं आणि ते काकूंना चिकटलं. काकूंच्या कानावर गेलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "एक वार जास्त लावलास गं सुधा. असू दे, तोही धरीन."

आम्ही डोंबिवलीला राहायला आलो ते स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या वर्षी. लग्न नवीन, मी वीस वर्षांची, आणि जीभ माहेराहून धार लावून आणलेली. भाताच्या खाचरांना लागून असलेली बैठी चाळ, आमच्या दोन खोल्या, आणि भिंतीपलीकडे काकूंच्या दोन. त्या, त्यांचे यजमान तात्या आणि तीन मुलं. तात्या मुंबईत एका पेढीवर कारकून होते. सकाळी डबा घेऊन बाहेर पडत ते दिवेलागणीला परत येत. काकू तेव्हा चाळिशीच्या आत होत्या, पण दिसायला चाळीस पार केल्यासारख्या. मला वाटायचं, उपासाचं तेज असंच सुकलेलं असतं.

दिवस महागाईचे होते. मध्ये धान्यावरचा सरकारी कंट्रोल उठला होता, तेव्हा भाव असे भडकले की कंट्रोल पुन्हा बसला म्हणून बायकांनी सुस्कारा सोडला. रेशनवर जाडा तांबडा तांदूळ आणि वास येणारा गहू मिळे, तोही मोजून. डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे बाजारभावाने घ्यायचे आणि बाजारभाव आज एक तर उद्या दुसरा. काकू गुळासाठी कल्याणला जायच्या. तिथल्या बाजारात तो जरा स्वस्त पडायचा. जाताना ठाकुर्लीवरून चालत, येताना डोक्यावर ढेप घेऊन पुन्हा चालत. "गाडीभाड्यात गुळाचा गोडवा जातो," असं त्या म्हणायच्या.

त्यांची फोडणी साऱ्या चाळीला ऐकू जायची. मी एकदा मुद्दाम पाहायला गेले, की ही बाई तेल ओतते तरी किती. काकूंनी लोखंडी पळी चुलीवर लाल होईपर्यंत तापवली, तिच्यात करंगळीच्या नखाएवढं तेल टाकलं, चार मोहऱ्या सोडल्या आणि पळी आमटीत बुडवली. असा चर्रकन आवाज झाला की मी दचकून मागे सरले. काकू म्हणाल्या, "फोडणी ऐकू यायला हवी. दिसली पाहिजे असं थोडंच आहे?" दुधीच्या सालांची चटणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, कण्यांची पेज हे सगळं त्यांच्याकडून मी शिकले. त्यांच्याकडे टाकून द्यायची वस्तू म्हणजे फक्त राख, आणि तीही भांडी घासून झाल्यावर.

एका वर्षी कांदा महागला. काकूंनी आषाढी एकादशीची वाट न पाहता ज्येष्ठातच चातुर्मास धरला आणि घरातला कांदालसूण बंद केला. मी म्हटलं, "काकू, अहो अजून महिना आहे."

"लवकर गेलं म्हणून देव काय दारातून परत पाठवतो का?" त्या म्हणाल्या. मी पोट धरून हसले आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पाच बिऱ्हाडांना सांगून आले. गूळ चढला त्या महिन्यात त्यांचा मंगळवार सुरू झाला होता आणि तेल चढलं तेव्हा शनिवार, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. पण डोळे नुसते असून भागत नाही.

दुसऱ्याच्या घरी त्या काही तोंडात घालत नसत. हळदीकुंकवाला आल्या तरी "आज माझा वार आहे" म्हणून पन्ह्याचा पेलासुद्धा परत करायच्या. नवीन होते तेव्हा मी एकदा वाटीभर तांदूळ पाठवले, तर दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती शेवग्याच्या शेंगा सोबत घेऊन. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं, "खाल्लं की खायला घालावं लागतं. त्यापेक्षा देवाचं नाव घेतलेलं बरं, कुणाला राग येत नाही."

माझ्या आधी एका बाईला कळलं होतं. कोपर गावाहून एक आगरीण डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला यायची. एकदा काकूंनी नेहमीप्रमाणे मूठभर वांगी घेतली, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो बाय, तुझे घरान मानसा पाच, ना भाजी घेतंस चौघांची?"

"माझा उपास असतो गं," काकू म्हणाल्या.

"रोजचा उपास? तुझे देवाला काय डोला नाय?" असं म्हणून तिने दोन वांगी वर टाकली. काकूंनी ती उचलून परत पाटीत ठेवली. मी कठड्याशी उभी राहून हे ऐकलं आणि तेव्हाही मला हसूच आलं. त्या हसण्याची आज लाज वाटते.

मग एका शनिवारी सकाळी काकू विहिरीवर पडल्या. कळशी भरून उचलली आणि कळशीसकट खाली बसल्या, त्या उठेचनात. आम्ही दोघीतिघींनी त्यांना धरून घरात आणलं तेव्हा मला कळलं की त्यांना उचलायला दोघीतिघींची गरजच नव्हती. हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. डॉक्टर आले, नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "बाई, पोटभर कधी जेवलात?"

"रविवारी," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी बॅग बंद केली. "आजार काही नाही. दोन वेळा जेवायचं, हेच औषध. उपास आजपासून सोडा."

"उद्यापन केल्याशिवाय कसे सोडू?" काकू म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टर गेले, बायका पांगल्या आणि मी काकूंवर तोंड सोडलं. म्हटलं, "एवढं पुण्य घेऊन ठेवणार कुठे? पोरांना आई नको का?"

काकूंनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग हळूच म्हणाल्या, "पुण्य कसलं गं. घरात धान्य चौघांचं येतं आणि भूक पाचांची. एकाला भूक नसली की बरोबर पुरतं."

"मग नुसतं कमी जेवायचं. देवांना कशाला मध्ये आणलंत?"

"नुसतं नाही जेवले तर मुलं विचारतात. तात्यांना कळलं तर ते ताटावरून उठतील. उपास म्हटलं की कुणी विचारत नाही. रविवारी ते घरी असतात, स्वयंपाकघरात डोकावतात, म्हणून रविवार सोडला." त्यांनी पदराने ओठ पुसले. "आधी वाटलं होतं, नुसतं तोंडानं म्हणावं. पण देवाचं नाव घेऊन खोटं कसं बोलायचं? म्हणून हातावर पाणी घेऊन एकेक वार खरंच धरला. आता वाटलं तरी सोडता येत नाही. धरायला पळीभर पाणी पुरतं, सुधा. सोडायला उद्यापन लागतं. मेहुणं जेवायला घाला, कणीक, तूप, गूळ, खण, नारळ. ते कुठून आणू?"

परवडत नाही म्हणून धरलेले उपास, आणि परवडत नाही म्हणून सुटत नव्हते. आणि या बाईचं नाव मी सातवारकाकू ठेवून चाळभर मिरवलं होतं. त्या दिवशी मी घरी येऊन चुलीपुढे बसले आणि खूप रडले. मग माझाच मला राग आला, कारण रडून काकूंच्या पोटात काही जाणार नव्हतं.

आमच्या भागातले गुरुजी रेशनच्या रांगेत हमखास भेटायचे. अंगावर उपरणं, हातात पिशवी, आणि आमच्याइतकेच वैतागलेले. सोमवारी रांगेतच मी त्यांना सगळं सांगितलं. गुरुजी पिशवीची घडी घालत म्हणाले, "वहिनी, शास्त्रात यथाशक्ती असा एक शब्द आहे. तो अशाच दिवसांसाठी ठेवलाय. एक मेहूण जेवू घाला, पुरे."

"आणि देव सहा आहेत, गुरुजी."

"सहाही जणांचं एकत्रच उरकू. महागाई त्यांनाही ठाऊक आहे. नैवेद्याचं ताट रोज तेही बघतातच की."

पुढच्या रविवारी उद्यापन झालं. मेहूण म्हणून आम्ही दोघं नवराबायको. गुरुजींनी दक्षिणेला सुपारी चालेल म्हणून सांगितलं होतं आणि सुपारी स्वतःच खिशातून आणली होती. काकूंनी थोड्याशा कणकेचा शिरा केला, तूप पळीच्या टोकाला लागेल एवढंच. तात्या दाराशी उभे होते. डॉक्टरांकडून त्यांना उपासमारीचं कळलं होतं, बाकीचं त्यांनी ओळखलं होतं, आणि तेव्हापासून ते काकूंशी धड बोलू शकत नव्हते. आम्ही पाटावर बसलो, तेव्हा ते एकदम म्हणाले, "आजपासून या घरात सगळ्यांनी एकदम बसायचं. हिचं पान माझ्या शेजारी. जे असेल त्याचे पाच वाटे." काकू म्हणाल्या, "वाढणार कोण?" तात्या म्हणाले, "मी." आणि खरंच त्यांनी वाढलं. आमटी निम्मी ताटाबाहेर गेली.

जेवण झाल्यावर काकूंनी माझी ओटी भरली आणि सुपारी हातावर ठेवायला पुढे आल्या. मी हात मागे घेतला. म्हटलं, "ही दक्षिणा मला नको."

काकू घाबरल्या. मेहूण रुसलं तर उद्यापन वाया. "मग काय हवं? मागशील ते देईन, पण घरात असेल तेच माग."

मला ठाऊक होतं, पाच वार सुटले तरी काकू एक चोरून धरणार. धान्य तेवढंच होतं आणि ती बाई तीच होती. मी म्हटलं, "तुमचा सोमवार द्या. सोमवारचा उपास आता माझा. आणि मी उपाशी, म्हणजे माझ्या वाटचा भात उरणार. तो तुम्ही जेवायचा. घरात नाही, माझ्यासमोर बसून."

"हे कुठलं गं शास्त्र?"

"यथाशक्ती," गुरुजी कोपऱ्यातून म्हणाले.

आम्ही दोघंच होतो आणि हे कापडगिरणीत नोकरीला असल्याने तिथल्या दुकानातून थोडं धान्य स्वस्तात मिळायचं, त्यामुळे माझा काही मोठा त्याग नव्हता. तरी पहिल्या सोमवारी अकरा वाजताच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ही बाई हे आठवड्यातून सहा दिवस करत होती आणि वर कल्याणहून गूळ आणत होती. संध्याकाळी काकू आल्या, पदराखाली आपलं ताट घेऊन. माझ्या उंबऱ्याशी बसल्या. मी भात वाढला. पहिला घास त्यांनी सावकाश चावून गिळला, दुसऱ्या घासाला त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढे सात-आठ वर्षं एकही सोमवार चुकला नाही. त्या जेवायच्या आणि मी बघायची. बोलणं भावांचंच. तूर कुठे स्वस्त मिळते, चहात गूळ घातला तर फाटतो का, रॉकेलची रांग किती वाजता लागते. त्यांच्या गालावर मांस धरलं, बांगड्या मनगटावर टिकू लागल्या. सातवारकाकू हे नाव मी चाळीत कुणाला घेऊ दिलं नाही. नवीन बिऱ्हाडांना तर ते कळलंही नाही.

मग मोठा मुलगा नोकरीला लागला, ठाण्यात नौपाड्याला जागा मिळाली आणि काकूंचं सामान बैलगाडीत चढलं. निघताना त्या माझ्याकडे आल्या. नवं पातळ, हातात किल्ल्यांचा जुडगा. म्हणाल्या, "सुधा, आता माझा सोमवार परत दे. आता मला उपास परवडतो."

मी म्हटलं, "दिलेली दक्षिणा कुणी परत मागतं का?"

त्या हसल्या, मग रडल्या, आणि गाडीवाला हाका मारायला लागला म्हणून तशाच निघाल्या.

काकूही गेल्या, तात्याही गेले, त्यालाही खूप वर्षं झाली. ती चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली आणि आम्ही तिच्यातच चौथ्या मजल्यावर राहतो. परवा डॉक्टर म्हणाले, "आजी, या वयात उपास बंद करा." मी म्हटलं, "उद्यापन राहिलंय." सून लगेच म्हणाली, "मग करून टाकू ना आई, हॉल घेऊ, शंभर माणसं बोलावू." चांगली आहे पोर. तिला कसं सांगू, मला शंभर माणसं नकोत. एकच मेहूण हवं होतं, नौपाड्याचं, आणि त्यांना बोलवायचं माझ्याकडून राहून गेलं.

म्हणून सोमवार मी अजून धरून आहे. संध्याकाळी तांदूळ धुताना हात आपोआप वाटीभर जास्त घेतो. सून विचारते, "कुणी येणार आहे का?" मी नाही म्हणते, आणि भातात मीठ जरा बेताचंच घालते.