आप्पांच्या कॉम्प्युटरवर कालचाच भाव

शिरूरच्या मार्केट यार्डात आप्पा कांद्याचे आडते. दोन हजार सालानंतर घरोघरी नसलं तरी गाळ्यागाळ्यात इंटरनेट आलं, तेव्हा त्यांची वेबसाइट मी करत होतो. तिच्यावर भावाची एक चौकट होती. लिलावानंतर सर्व्हरवर भाव भरला की चौकटीनं तो आपोआप आणून दाखवायचा. ती दाखवायची कालचाच.

"आरं, शेतकरी भांडाया लागल्यात," आप्पा म्हणाले. "जमत नसंल तर दौंडकडचा तुझा तो दोस्त बघंल. ज्याची चौकट चालंल, साइट त्याची."

दोस्त कसला! दौंडजवळच्या खुटबावचा हा गडी कॉम्प्युटर क्लासात माझ्या शेजारी बसायचा. त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मला सलायची.

दुसऱ्या दिवशी तो आला, चक्क लॅपटॉप घेऊन. उघडला, त्याची चौकट लावली, आणि आजचा भाव हजर! हमालसुद्धा वाकून बघू लागले. आप्पांनी त्याच्यासाठी पेशल चहा सांगितला. मला आठवडाभर साधाही विचारला नव्हता.

माझा नुसता जळून कोळसा झाला. सर्व्हर पाहिला, भाव ताजा. कोड पाहिला, बरोबर. आणि त्या जळण्यातूनच सुचलं: हा स्वतःच्याच लॅपटॉपवर का दाखवतोय?

"आप्पा, ह्याची चौकट तुमच्या कॉम्प्युटरवर लावा की!"

लावली. कालचा भाव!

अहाहा! मी टाळी वाजवली, हमालांना सांगितलं, शेजारच्या गाळ्यावर जाऊन साभिनय सांगितलं. परत येतो तर हा आप्पांच्या खुर्चीत, बोटं कीबोर्डवर, आणि पडद्यावर आजचा भाव.

"तुझा कोड बरोबर होता रे," तो साखरेच्या आवाजात म्हणाला. "इथला ब्राउझर जुना आहे. त्याच पत्त्यावरून पुन्हा भाव मागितला की हा सर्व्हरकडे जातच नाही, जवळ ठेवलेलं जुनं उत्तर देतो. मी पत्त्याच्या शेवटी त्या क्षणाची वेळ जोडली. दर वेळी पत्ता नवा, मग जावंच लागतं."

एका ओळीचं काम!

"आन् तू कुठं गेल्तास?" आप्पांनी मला विचारलं.

"शेजारच्या गाळ्यावर."

"कशाला?"

"ह्याचंबी चालत न्हाई म्हणून सांगायला."

"मग आता परत जा," आप्पा म्हणाले, "आन् चाललं म्हणून सांगून ये."